आगगाडीच्या आधी समुद्र होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील आरंभीच्या फ्रेंच चित्रपटांवरील लेख मनापासून आवडला, पण ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या खेळात आगगाडीची फीत होती, या त्यातील विधानावर लिहिणे भाग आहे. चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेल्या या फ्रेंच बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां काफेमध्ये जो खेळ केला, त्यातील दहा चित्रफितींत आगगाडी नव्हतीच. समुद्र मात्र होता. त्यात मुले लाटांत उड्या घेताना दिसतात. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झालेल्या खेळातही आगगाडीसोबत समुद्रस्नानाची फीत होती, हे आपण सहसा सांगत नाही.

माझ्या मते त्या काळातील सर्वांत मोलाची फीत म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ला सिओता बंदरातून बाहेर पडणारी वल्ह्यांची होडी. धक्का ओलांडताच लाटा तिला आडवी वळवतात आणि जेमतेम पाऊण मिनिटाची फीत तिथेच संपते. पुढे काय होणार हे कॅमेरा चालवणाऱ्यालाही ठाऊक नसावे, आणि रंगभूमीवरच्या रंगवलेल्या पडद्याला हे कधीच साधले नसते.

कॅमेऱ्याच्या याच शक्तीचा शोध पुढे फ्रेंच दिग्दर्शक व सिद्धांतकार झाँ एप्स्टाईन यांनी घेतला. चित्रपट-समीक्षक लुई देलुक यांनी १९२० मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली ‘फोटोजेनी’ची कल्पना त्यांनी विस्तारली: कॅमेऱ्यामुळे वस्तूंचे आंतरिक रूप उजळते, पण ते स्थिर वस्तूंचे नव्हे, तर स्थळकाळात सतत बदलणाऱ्यांचे. अशा विचारवंताला अखेर समुद्राकडेच जावे लागले, यात मला नवल वाटत नाही. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याजवळील बानेक बेटावर समुद्रशेवाळ गोळा करून जाळणाऱ्यांची कथा त्यांनी ‘फिनिस तेरे’मध्ये (१९२९) तिथल्याच रहिवाशांकडून साकारून घेतली. ‘ल तांपेस्तेर’मध्ये (१९४७) तर त्यांनी लाटांबरोबर वाऱ्याचा व समुद्राचा आवाजही संथ केला, त्यामुळे नेहमीच्या गतीत कानांवरून निसटणारे गाजेतले बारकावे वेगवेगळे ऐकू येतात. संथ गती ही त्यांच्यासाठी सजावट नव्हती. माणसाच्या डोळ्यांना आणि कानांना न पेलणारा काळ दाखवण्याचे ते साधन होते.

लेखात मात्र समुद्राचा उल्लेख ‘निसर्गरम्य पार्श्वभूमी’ एवढाच आहे. या चित्रपटांत समुद्रच घटना घडवतो. तो वगळला तर ना कथा उरते, ना त्यामागचा सिद्धांत. आगगाडीविषयीची दुरुस्ती आपण छापावी आणि एप्स्टाईन यांच्या ब्रिटनीतील चित्रपटांवर एखाद्या जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे