मंगळवारचं भजन, पण पबातलं

प्रिय पखवाजसम्राट,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले रे, उत्तर टाइप करायचं राहून जात होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसलोच. दर मंगळवारी तुझा फोन का लागत नाही विचारत होतास ना, तर ऐक, आणि हे आईपर्यंत जाऊ देऊ नकोस, मी मंगळवारी पबमध्ये असतो. हसू नको. एकच पाइंट घेतो आणि तोच अडीच तास पुरवतो, डब्लिनमध्ये सहा युरोच्या पुढेमागे पडतो एकेक.

घरापासून सात मिनिटांवर आहे हा पब. नऊच्या सुमारास कोपऱ्यातल्या टेबलाभोवती लोक जमायला लागतात, फिडल, बासरी, कॉन्सर्टिना (आपल्या पेटीची चिमुकली पुतणी समज), बुझुकी (लांब मानेचं तारवाद्य) आणि बोरान (हातात धरायचं चामड्याचं तालवाद्य). बुझुकी खरं तर ग्रीसची, १९६० च्या दशकात इकडे आली आणि इथलीच होऊन बसली, आपल्या पेटीसारखंच. सगळे त्यांना बँड म्हणतात पण स्टेज नाही, माइक नाही, गोल करून बसतात आणि आपल्याकडे चक्क पाठ! पहिल्या दिवशी वाटलं काय उद्धट लोक आहेत. मग घरी येताना ट्यूब पेटली, अरे आपण मारुतीच्या देवळात शनिवारी दुसरं काय करायचो, ऐकायला कोण आलंय याकडे कधी बघितलंय का आपण?

पबवाला त्यातल्या दोघांनाच पैसे देतो, बाकीचे हौशी, त्यांना फारतर एखादा पाइंट. प्रत्येक चालीचे दोन भाग, एकेक भाग आठ बारचा (बार म्हणजे आपलं आवर्तन समज), तो दोनदा वाजवायचा, अशी अख्खी चाल साधारण तीनदा झाली की न थांबता थेट दुसरी. कधी बदलायचं हे कळतं कसं म्हणशील तर फिडलवाली नुसती भुवई उडवते किंवा 'हप' म्हणते, बुवा हात वर करायचे ना तसं. जिग आणि रील या इथल्या नाचाच्या चाली, त्यातली जिग ऐकताना माझा हात आपोआप मांडीवर दादरा धरतो, सहा मात्रा बरोब्बर बसतात, रील असली की चारचारची घोडदौड.

आणि इथेच माती खाल्ली मी. तिसऱ्या मंगळवारी जोशात येऊन टेबलच बडवायला लागलो. बोरानवाले आजोबा ब्रेकमध्ये शेजारी येऊन बसले, काही बोलले नाहीत, जोक सांगितला फक्त. बोरान वाजवायला सगळ्यात उत्तम काय? खिशातला चाकू. स्वतःच्याच वाद्यावरचा जोक, पण मला कळायचं ते कळलं, कान तापले एकदम.

त्यांचं बोरान बघायला हवं होतंस तू. आपल्या दिमडीची थोरली बहीण, लाकडी कडं, एका बाजूला बकऱ्याचं कातडं. उजव्या हातात बोटभर जाडीची दांडी, तिची दोन्ही टोकं वाजतात, आणि डावा हात आतून कातड्यावर दाबत सरकवतात, आवाज डग्ग्यासारखा घुमून वर जातो. आपल्याकडे हलगीवाले कागद पेटवून कातडं शेकतात ना, तर हे आजोबा खोली तापली की कातडं ताणतं म्हणून ओल्या बोटांनी आतून पाणी लावतात!

कॉन्सर्टिनावाल्या बाईंनी एक भारी गोष्ट सांगितली. आयर्लंडमधल्या कॉर्कचा एक माणूस, फ्रान्सिस ओनील, शिकागोचा पोलिसप्रमुख झाला आणि तिथल्या आयरिश लोकांकडून चाली गोळा करत बसला, १९०३ मध्ये १८५० चाली छापल्या त्याने. त्यातल्या काही फिरून परत इथे आल्या.

एकदा त्या सगळ्यांबरोबर डब्लिनमधल्याच स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबातही गेलो होतो. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्लॅन आला होता, लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. एका दारूच्या दुकानासाठी मोर्चा! आपल्याकडे तमाशाचं थिएटर पाडताना किती जण आले असते सांग, मी आलो असतो का तेही शंकाच आहे.

सगळ्यात जास्त आवडतं ते वेगळंच. मधेच कोणीतरी 'श्श' करतं, गल्ल्यावरचा माणूस ग्लास धुवायचा थांबतो आणि एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून आयरिशमध्ये गातात, साथीला काही नाही. शेजारचा त्यांचा हात हातात धरतो आणि चालीबरोबर हळूहळू फिरवत राहतो, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. मला शब्द एक कळत नाही तरी दरवेळी घसा दाटतो.

आता खरी बातमी. गेल्या मंगळवारी आजोबा मला म्हणाले, तुमच्याकडचं काहीतरी होऊ दे. अभंग म्हणायचा धीर झाला नाही, समोर पाइंट आणि पायात बूट, म्हणून ग्लास लांब सरकवला आणि बुवांची ती गवळण धरली. बुझुकीवाल्याने एकच सूर लावून ठेवला तंबोऱ्यासारखा, बोरान दुसऱ्या कडव्याला हळूच आत आलं, सम दोनदा हुकली पण तिसऱ्यांदा अशी काय पडली म्हणतोस! आणि नेमका तिथेच तिसरं कडवं विसरलो. मग पहिलंच पुन्हा म्हटलं, कोणाला काय कळतंय.

फिडलवालीला कळलं. 'हे पहिलंच ना?' म्हणाली. पुढच्या वेळी पूर्ण म्हण म्हणालीये, तर भावा, वहीतून तिसरं कडवं फोटो काढून पाठव, आणि तुझ्या पखवाजाचा ठेका पण रेकॉर्ड कर, आजोबांना ऐकवायचाय. मंगळवारच्या आत.

तुझाच,
बेसूर टाळकरी