निर्यातीचे दार एकदा तरी उघडे ठेवा

जागतिकीकरणामुळे देशाची आर्थिक वाढ खुंटते, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. नाशिक जिल्ह्याचा अनुभव वेगळे सांगतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपने इथली द्राक्षे अडवली आणि बागायतदार अक्षरशः कोलमडले. तरीही निर्यात सुरूच राहिली. बागांची नोंदणी आणि अंश तपासणी काटेकोर झाली, शेतकऱ्यांनी फवारणीच्या सवयी बदलल्या आणि तीच बाजारपेठ पुन्हा उभी राहिली.

त्याच जिल्ह्यातल्या कांद्याच्या वाट्याला मात्र हे सातत्य आले नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क लादून. शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. असा बेभरवशाचा पुरवठादार कोणाला हवा? परदेशी खरेदीदार पाकिस्तान, इजिप्तकडे वळतो आणि एकदा गेलेला सहज परतत नाही.

इथे नुकसान जागतिक बाजाराने केलेले नाही, धरसोडीच्या धोरणाने केले आहे. शहरी ग्राहकाला स्वस्त कांद्याचा दिलासा जरूर द्यावा, पण तो सरकारी तिजोरीतून. कांदा उत्पादकाच्या खिशातून नव्हे. निदान रब्बीच्या लागवडीआधी त्या हंगामाचे निर्यात धोरण जाहीर करावे आणि पीक विकले जाईपर्यंत ते बदलू नये.

– एक शेतकरी वाचक, निफाड (जि. नाशिक)