नशामुक्तीच्या कार्यक्रमाचं इन्स्पेक्शन कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की आमच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या गेटवर नशामुक्तीचे बॅनर लागतात, शपथ होते, फोटो ग्रुपवर पडतो आणि एचआरच्या फाईलीत एक कागद वाढतो. मी इथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला आहे, यंदा सहज विचारलं की मागच्या वर्षीच्या प्रोग्रामचा रिझल्ट काय, तर समोर हजेरीचा कागद ठेवला, १४० सह्या. अहो पण व्यसनं सुटली किती जणांची? तर म्हणे ते आपण बघत नाही. साधी पिन असली तरी आम्ही गेज (माप तपासायचं साधन) लावल्याशिवाय पुढे सोडत नाही, आणि इथे सह्या मोजून माल पास!

गेटवर दारू तपासायला फुंकायचं मशीन आहे, पण ते फक्त आज पिऊन आलेला पकडतं, त्याला घरी पाठवून खाडा लावला की संपलं. गांजा नि एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) त्याला कळतच नाही, आणि २०२३ ला नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला होता, म्हणजे हे काय लांबचं राहिलं नाही. आमच्या प्रेसवरचा एक जण, हात एकदम चांगला, दोनदा त्या फुंकायच्या मशीनवर सापडला आणि मग यायचाच बंद झाला. शपथेच्या फोटोत पहिल्या रांगेत उभा आहे तो, अजून दिसतो ग्रुपवर.

मोजायचंच तर पगाराच्या दुसऱ्या दिवशीचे खाडे मोजा, बारीकसारीक अपघात मोजा, समुपदेशनाला आपणहून किती गेले आणि वर्षाने त्यातले किती कामावर टिकले ते बघा. एका शिफ्टला प्रोग्राम आधी घ्या, दुसरीला सहा महिन्यांनी, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवा. सुरुवातीला मदत मागणारे वाढले तर कार्यक्रम फसला म्हणू नका, उलट लोक बोलायला लागलेत. फक्त नाव बाहेर फुटता कामा नये, नाहीतर १४४४६ हा सरकारी हेल्पलाईन नंबर बोर्डावर लिहून पण कोणी फोन करणार नाही. व्यसनाकडे आजार म्हणून बघा हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ लाच सांगितलंय, आमच्याकडे अजून मेमोच निघतो.

यंदाची नोटीस लागलीय, कार्यक्रम दुपारी ३ वाजता. ठेकेदाराच्या पोरांची बस ३.१० ला सुटते.

आपला,
एक कामगार वाचक, सातपूर, नाशिक