सेवाफेरीत बायकांकडून ‘साक्ष’ मागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की चर्चच्या मंडळ्यांचे गट दहाएक दिवसांच्या सेवाफेरीसाठी महिला आधारगृहांत जातात. घरातली मारहाण, व्यसन, तुरुंग किंवा देहविक्रीच्या बाजारातून सुटून नव्यानं उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करावं, ही तळमळ खरी असते. पण तयारीच्या बैठकांत गाणी आणि तिकिटं यांतच वेळ जातो, आणि तिथं वागायचं कसं हे राहूनच जातं.

सर्वांत मोठी चूक शेवटच्या संध्याकाळी होते. एखाद्या बाईला पुढं बोलावून ‘साक्ष’ द्यायला, म्हणजे आपल्यावर काय गुदरलं आणि देवानं त्यातून कसं सोडवलं हे सगळ्यांसमोर सांगायला लावतात. जिथं डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळतं, तिथल्या पाहुण्यांना ती नाही कशी म्हणणार? असल्या होकाराला होकार म्हणू नये. जुनं सगळं ढवळून निघालं की तिची झोप उडते, दारावरच्या थापेनंही ती दचकते. गट तोवर परतलेला असतो. तिला सावरायला रात्रपाळीची एकटी कर्मचारी उरते. प्रार्थनेचंही तसंच. जिला यायचं ती येईल, आली नाही म्हणून गटाच्या शिकवणीच्या वर्गातली तिची जागा जाता कामा नये, आणि हे पहिल्याच दिवशी तिला समजेल अशा भाषेत सांगावं.

फोटो तर नकोतच. चेहरा झाकला तरी फाटक, खिडकीची जाळी, हातावरचं गोंदण यांवरून माग लागतो. फोनच्या फोटोत जागेची नोंदही राहू शकते. मारहाण करणारा माणूस शोधत असतोच. फोन दाराशी पेटीत ठेवावेत. आपला नंबर किंवा रोख पैसे एकेकीला देऊ नयेत, त्यानं बायकांत तेढ पडते. जे द्यायचं ते संस्थेकडे द्यावं.

बहुतेक गट शिवण शिकवतात, म्हणून त्याविषयी थोडं सविस्तर. वीस स्वयंसेवकांच्या गटापेक्षा सहा जण पुरेत. दोन बायकांत एक यंत्र, सहा बायकांमागे एक शिकवणारी, एका वेळी दीड-दोन तास. पहिल्या दिवशी दोरा न ओवता कागदावर आखलेल्या रेघांवरून सुई चालवायची. पायाचा आणि हाताचा मेळ तिथंच बसतो. मग सरळ शिलाई, कोपरा, उशीचा अभ्रा, पिशवी. अंगावरचा कपडा दहा दिवसांत होत नाही, त्याचं आश्वासन देऊ नये. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं तर बायका बॉबिनलाच, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळालाच दोष देतात. बहुतेकदा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून तो पुन्हा ओवावा. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी, आणि सुईची लांब खाच दोरा आत शिरतो त्या बाजूला आहे ना, ते पाहावं. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई चालते, जाड कापडाला 16.

मापाची टेप मात्र जपून. मागून येऊन छातीभोवती टेप टाकली की कित्येकींचा श्वास अडकतो. समोर उभं राहावं, काय करणार ते सांगावं, टेप तिच्याच हातात द्यावी. आकडा आपण लिहून घ्यावा. वर्गाचं दार उघडं ठेवावं, दाराकडे तोंड करून बसायचं असेल तर बसू द्यावं. सोबत मुलं असतील तर त्यांना सांभाळायला दोन जणी वेगळ्या हव्यात, नाहीतर आईचं अर्धं लक्ष बाहेरच राहतं.

पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढं त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका छापखान्याचं कामही करू लागल्या. ते दहा दिवसांत झालं नव्हतं. तेव्हा गटानं आपला बराचसा वेळ तिथल्याच एक-दोन शिकवणाऱ्या बायकांना द्यावा: यंत्राला तेल कुठं घालायचं, पट्टा कसा बदलायचा, धडे कोणत्या क्रमानं घ्यायचे. सुया, बॉबिन आणि पट्टे जास्तीचे ठेवून यावेत. पुढच्या वर्षी नवे चेहरे न पाठवता गटातल्या त्याच जणांनी परत जावं, आणि जाण्याआधी संस्थेला विचारावं की या वेळी आम्ही यायला हवं का.

आपले,
महिला आधारगृहांत काम करणारे स्वयंसेवक