ताई, गाडी घेताना तुम्ही सोबत होतात म्हणून

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बेताच्या बजेटमध्ये सेकंडहँड एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे ढीगभर भेटतात. स्वतःची सुट्टी मोडून, जमिनीवर आडवं होऊन गाडीखाली टॉर्च मारणारं माणूस भेटायला नशीब लागतं. विम्याच्या कामात ठोकलेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात तुमची सगळी नोकरी झाली. ती सगळी नजर तुम्ही माझ्यासाठी कामाला लावलीत.

मी विचारलं होतं, "कुठली घेऊ?" तुम्ही उत्तर दिलंच नाहीत. उलट विचारलंत, "हवी कशाला?" आईचे गुडघे दुखतात, खाली वाकून कारमध्ये शिरता येत नाही, म्हणून सीट उंच हवी. पाच माणसं आणि सामान मावलं पाहिजे. अधूनमधून खड्ड्यांचा, कच्चा रस्ता. एवढं ऐकल्यावर तुम्ही माझी अर्धी यादी तिथेच खोडलीत. चिखल-वाळूत जायचं नाही, जड ट्रेलर ओढायचा नाही, मग लॅडर फ्रेमची, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली वजनदार गाडी कशाला? मोनोकॉक बांधणीची, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, कारसारखी चालणारी एसयूव्ही बघ. आणि फोर व्हील ड्राइव्ह नको. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केस, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, तो जोर दोन्ही मागच्या चाकांना देणारा डिफरन्शियल, प्रत्येकाचं वेगळं ऑइल, वेगळे सील. शिवाय चारही टायर सारखे झिजलेले लागतात; एक फाटला तर कधीकधी चारही बदलायची वेळ येते. "जो पार्ट गाडीत नाहीच, तो बिघडणार कसा?" हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालंय.

डिझेलचं तर मला तुमच्याशिवाय कुणी सांगितलंच नसतं. मायलेज चांगलं, इंजिनात जोर, सगळे डिझेलच घे म्हणत होते. तुम्ही विचारलंत, "रोजचं चालवणं किती? जवळचंच ना?" नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला तो पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो, आणि त्यासाठी इंजिनाला सलग, मोकळ्या रस्त्यावरचं चालणं लागतं. बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत तो चोंदत जातो. तो बदलायचा खर्च ऐकल्यावर मी निमूटपणे पेट्रोलकडे वळले.

मग मॉडेलची गोष्ट. टोयोटाची रॅव्ह-४ १९९४ पासून आणि होंडाची सीआर-व्ही १९९५ पासून बाजारात आहे, दोन्हींचं नाव भरवशाचं, हे कुणीही सांगेल. तुम्ही त्यापुढे गेलात. चांगल्या घराण्यातही एखादं वर्ष, एखादं इंजिन अडचणीचं निघतं, म्हणालात, आणि उदाहरणही दिलंत: २००६ ते २००८ च्या रॅव्ह-४ मधलं २.४ लिटरचं इंजिन. त्यातली काही ऑइल प्यायची, इतकी की अमेरिकेत कंपनीने पिस्टन आणि रिंगा बदलून द्यायची सोय केली होती. म्हणून नुसतं नाव बघायचं नाही. कुठलं वर्ष, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, तिन्ही बघायचं. नवीन मॉडेल आलं की त्याचं पहिलं वर्ष शक्यतो सोडून द्यायचं, कारण सुरुवातीच्या खोड्या पुढच्या वर्षी निस्तरल्या जातात.

पण ताई, खरे आभार त्या बिलांच्या फायलीसाठी मानायचे आहेत. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्या दहा वर्षांनी अगदी वेगळ्या होतात, आणि तो फरक बिलांत दिसतो, हे तुम्ही मला दाखवलंत. चकचकीत पॉलिश केलेल्या गाडीची शिक्के मारलेली सर्व्हिस पुस्तिका तुम्ही दोन मिनिटांत मिटून परत दिलीत. "शिक्के आहेत, बिलं कुठेत?" दुसरीकडे एका निवृत्त गृहस्थांनी जाड फाइल पुढे केली, तेव्हा मात्र तुम्ही चष्मा लावून खाली बसलात. ऑइल कितव्या किलोमीटरला बदललं, कुठल्या ग्रेडचं घातलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट कधी बदललं, ब्रेक ऑइल कधी. सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल सापडलं तेव्हा तुमचा चेहरा खुलला. विकणारे सर्रास सांगतात, हे ऑइल आयुष्यभर चालतं. तुम्ही म्हणालात, ऑइल जुनं झालं की आतला पट्टा आणि पुली झिजायला लागतात, मग गाडी हळू चालवताना थरथरते, आणि त्यानंतर बहुतेक वेळा दुरुस्ती नसते, गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

टायमिंग बेल्टचंही तसंच, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचं. बेल्ट आहे की चेन, हे तुम्ही प्रत्येक गाडीला आधी विचारायचात. बेल्ट असेल तर ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा तो बदललेला हवा. कित्येक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे सगळं हेड उतरवावं लागतं. गाडी कमी चाललीय म्हणून बेल्ट नवा राहत नाही, रबर वयानेही जातं. कमी किलोमीटरवर खूश होणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकावं.

थंड इंजिनाची गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका, असं तुम्ही फोनवरच बजावायचात. एकाकडे पोचलो, तुम्ही कुणाशी काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवलात. गरम. चहा नको म्हणालात, उद्या येतो म्हणालात. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर पुढून चेनचा खुळखुळाट आणि मागून निळा धूर. गरम इंजिनात त्यातलं काही कळलं नसतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. हे तुम्ही परत येताना गाडीत सांगत होतात आणि मी मोबाइलवर टिपून घेत होते.

बुडालेली गाडी कशी ओळखायची, हा तर तुमचा हातखंडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. रोज वापरतो तेवढा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला भाग धुवायचं कुणाला सुचत नाही. त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटचा पट्टा तुम्ही ओढत गेलात, ओढत गेलात, आणि शेवटच्या वीतभरात मातकट रेघ आली, अगदी सरळ, पट्टीने मारल्यासारखी. तुम्ही तो माझ्या हातात दिलात, बोलला काहीच नाहीत. मग सीटखालचे गंजलेले बोल्ट, स्टेपनीच्या खळग्यातला गाळ, दिव्यांच्या आत धरलेलं धुकं, सगळं आपोआप दिसायला लागलं. ती गाडी मला फार आवडली होती, सनरूफ होतं, किंमतही आवाक्यात होती. आज विचार केला तर तुमच्याबद्दल डोळे भरून येतात, कारण त्या गाडीत मी आईला बसवणार होते.

रंगाची जाडी मोजायचं तुमचं छोटं यंत्रही मी विसरणार नाही. कारखान्यातला रंग बहुतेक शंभर-दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. एका दारावर आकडा एकदम हजारापलीकडे गेला, म्हणजे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. दार ठोकलेलं असणं हा काही गुन्हा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, किंवा छत धरणाऱ्या खांबांना मार बसला असेल तर मात्र निघायचं.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या डायग्नोस्टिक सॉकेटला स्कॅनर लावल्यावर एका गाडीत एकही फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, निघाला नाही, मी हुश्श केलं. तुम्ही पुढचं पान उघडलंत. गाडी स्वतःच्या यंत्रणा तपासत असते, आणि कोड पुसले की त्या सगळ्या तपासण्या "अपूर्ण" दाखवतात. पूर्ण व्हायला बरंच चालवणं लागतं. तिथे जवळजवळ सगळंच अपूर्ण होतं. म्हणजे कोणीतरी नुकतेच कोड पुसले होते, नाहीतर बॅटरी काढली होती. विक्रेत्याला तुम्ही शांतपणे विचारलंत, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

सुरक्षिततेत तुम्ही तडजोड करू दिली नाहीत, याबद्दल वेगळे आभार. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच, ती उलटायची भीती जास्त, म्हणून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, नसलेली गाडी बघायचीच नाही. अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना २०१४ पासून. पण जुन्या गाडीत, किंवा खालच्या व्हेरियंटमध्ये ते असेलच असं नाही, विचारून घ्यावं लागतं. आणि सतरा आकडी-अक्षरी चासी नंबर टाकून रिकॉल तपासणं, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने ती गाडी परत बोलावलीय का ते बघणं. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तुम्ही समजावलंत: आतलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. लोकांचे जीव गेले त्यात. गाडी जुनी असली तरी असं रिकॉलचं काम कंपनी सहसा फुकट करून देते, हे किती जणांना माहीत असतं?

पैशाच्या बाबतीत तुम्ही हाताला धरून थांबवलंत. सगळं बजेट गाडीत घालू नकोस, सहावा हिस्सा बाजूला ठेव. तो हिस्सा कामी आला. आम्ही घेतलेल्या गाडीचे टायर नक्षीने चांगले दिसत होते, पण बाजूला शेवटचे चार आकडे वाचायला तुम्हीच शिकवलंत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते आठ वर्षांचे निघाले. तेवढी किंमत तुम्ही सौद्यात कमी करून घेतलीत, तीही आवाज न चढवता, नुसती कागदावर बेरीज मांडून. टायर, पुढच्या सस्पेन्शनचे बुश (धक्के झेलणारे रबरी तुकडे), सगळी ऑइलं, असं सगळं पहिल्याच महिन्यात करून झालं.

लोक विचारतात कुठली गाडी घेतलीस. मी नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा तेच नाव शोधायला निघेल, आणि फाइल, थंड इंजिन, सीटबेल्ट सगळं राहून जाईल. ती जाड फाइलवाल्या काकांची गाडी आहे, एवढं तुम्हाला पुरे.

आई स्वतःहून दार उघडून बसते आता, कुणाचा हात लागत नाही. त्या फायलीत आमची बिलंही लावायला सुरुवात केलीय, किलोमीटर लिहून. धाकटी मामेबहीण गाडी शोधतेय. तुमचा नंबर तिला दिलाय, पण आधी बिलं माग आणि मगच ताईंना त्रास दे, असं सांगून. कूलंट बदलायचं आहे पुढच्या सर्व्हिसला. कुठलं घालायचं ते तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही, कारण वेगवेगळी मिसळायची नाहीत हे लक्षात आहे. संध्याकाळी फोन करते. तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणू नका, प्लीज.

तुमची,
आईसाठी उंच सीट शोधत होती ती