केंद्राच्या इमारतींना घरपट्टी माफ, सेवाशुल्क माफ नाही

महोदय,

मनमाड, भुसावळ, दौंड ही रेल्वेमुळे वाढलेली गावे. अशा गावांत यार्ड, कार्यशाळा, कर्मचाऱ्यांच्या चाळी यांनी व्यापलेल्या जागेवर नगरपालिकेला घरपट्टी लावता येत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 285 ने केंद्राची मालमत्ता राज्याच्या व स्थानिक संस्थांच्या करांतून वगळली आहे. दुसरीकडे पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी नागरी संस्थांना 1,21,055 कोटी रुपये सुचवताना अट घातली: घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी जुळती ठेवा. गावातला सर्वांत मोठा मालकच करमुक्त असेल, तर ही वाढ उरलेल्या घरांवर आणि दुकानांवर पडते.

यातून मार्ग आहे आणि तो जुना आहे. केंद्राने कराऐवजी सेवाशुल्क द्यावे, हे धोरण 1954 पासूनचे आहे. राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 19 नोव्हेंबर 2009 रोजी त्याचे प्रमाणही नोंदवले. पालिकेच्या सर्व सेवा घेणाऱ्या मालमत्तेसाठी खासगी मालकाला लागली असती त्या घरपट्टीच्या 75 टक्के, काही सेवा घेणाऱ्यांसाठी 50 टक्के आणि कोणतीच सेवा न घेणाऱ्यांसाठी 33⅓ टक्के. त्याच वर्षी 17 डिसेंबरला नगरविकास मंत्रालयाने तसे परिपत्रक काढले. खासगी इमारतीला 90,000 रुपये घरपट्टी लागत असेल, तर तेवढ्याच केंद्रीय इमारतीचे सेवाशुल्क 67,500, 45,000 किंवा 30,000 रुपये होते. स्वतःचे पाणी, स्वतःची सफाई आहे म्हणून रक्कम शून्यावर येत नाही. हा मुद्दा अनेकदा विसरला जातो.

मग पैसे अडतात कुठे? बहुतेक वेळा बिलावरच. बिलावर ‘घरपट्टी’ छापलेले असले की केंद्रीय कार्यालय ते परत करते, आणि ते बरोबरच करते, कारण कर देण्याचा त्याला अधिकारच नाही. बिल ‘सेवाशुल्क’ या शीर्षाने स्वतंत्र काढावे लागते. दुसरी चूक म्हणजे राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर त्याच बेरजेत धरणे. ते पालिकेचे उत्पन्न नाही, टक्केवारी फक्त पालिकेच्या स्वतःच्या करावर काढायची. तिसरी चूक मोजणीची. करमुक्त म्हणून या इमारतींची चतुर्वार्षिक आकारणीत नोंदच होत नाही. मग कशाचे 75 टक्के, याला उत्तर राहत नाही. संयुक्त मोजणी करून क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि पाणी, गटार, दिवाबत्ती, कचरा यांपैकी कोणती सेवा मिळते याचा तक्ता दोघांच्या सह्यांनी करावा, त्यावर करारनामा करावा आणि मगच बिल पाठवावे. थकबाकीसाठी नळ तोडणे किंवा जप्तीची नोटीस काढणे टाळावे. राजकोट प्रकरणात न्यायालयाने नोंदवलेल्या तडजोडीत अशा सक्तीला जागा नाही, वाद चर्चेनेच मिटवायचा आहे.

सर्वांत मोठी गळती मात्र वेगळीच आहे. केंद्र सरकार आणि केंद्राची कंपनी किंवा महामंडळ एक नव्हे. भारतीय अन्न महामंडळाला 285 ची माफी लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितले आहे. टपाल कार्यालय सरकारी खाते आहे; बीएसएनएल 1 ऑक्टोबर 2000 पासून कंपनी आहे. आयुध निर्माण्याही 1 ऑक्टोबर 2021 पासून सात कंपन्यांकडे गेल्या. भुसावळची यंत्र इंडियाकडे, वरणगावची म्युनिशन्स इंडियाकडे. ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत अशी मालमत्ता आहे, तिने जमीन व इमारत आज कुणाच्या नावावर आहे याची कागदपत्रे मागवावीत. कंपनीच्या नावावर असेल तर सेवाशुल्क नव्हे, पूर्ण घरपट्टी. जुन्या नोंदवहीतला ‘केंद्र सरकार’ हा शेरा तसाच पुढे उतरवत राहिल्याने हे उत्पन्न दरवर्षी हातचे जाते.

राज्य सरकार देते त्या माफीलाही हाच न्याय हवा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. निकष फक्त क्षेत्रफळाचा असल्याने मलबार हिलवरचे 490 फुटांचे घर सुटते आणि मानखुर्दचे 510 फुटांचे घर पूर्ण कर भरते. करपात्र मूल्यावर मर्यादा ठेवली असती तर खऱ्या गरजूला आधार मिळाला असता. स्मशानभूमी, धर्मादाय दवाखाना किंवा शहीद जवानाच्या पत्नीचे राहते घर यांच्या माफीला कुणाचीच हरकत नसावी. पण माफीची घोषणा मंत्रालयातून होणार असेल, तर तिची रक्कमही तिथूनच पालिकेला मिळाली पाहिजे. प्रत्येक पालिकेने अंदाजपत्रकासोबत दोन तक्ते जोडावेत: कुणाला, कोणत्या आदेशाने किती माफी दिली, आणि केंद्राकडे किती सेवाशुल्काची मागणी केली, त्यातले किती आले. हे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभेत नगरसेवकांनी दुसऱ्या तक्त्यापासून सुरुवात करावी.

— एक करदाता वाचक, भुसावळ