मैदानावरच्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडास्पर्धांसाठी संघनिवड सुरू झाली की आमच्या ग्वाल्हेरच्या मैदानांवर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘हिच्यात दमच नाही.’ क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी करताना हे वाक्य मीही कितीदा तरी उच्चारले आहे. दम म्हणजे जिद्द, आणि ती कमी पडत असेल तर मैदानाच्या जादा फेऱ्या मारायला लावाव्यात, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत खो-खोच्या संघातील चौदा वर्षांच्या एका मुलीमुळे मोडली. पहिल्या मिनिटाला ती कुणाच्या हाती लागत नसे. दुसऱ्या मिनिटाला मात्र तिचे पाय जड पडत आणि ती सहज बाद होई. मी तिला महिनाभर रोज दोन फेऱ्या जास्त पळवले. एके दिवशी ती खुंटाला धरून खालीच बसली. तिची नखे पांढुरकी दिसत होती, आणि खालची पापणी ओढून पाहिली तर आतली लाली जवळजवळ नव्हतीच. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन (रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य) दर १०० मिलिलिटर रक्तात ९.४ ग्रॅम निघाले, या वयात ते किमान १२ असायला हवे.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. म्हणजे १३ हिमोग्लोबिन असलेल्या मुलीचे १०० मिलिलिटर रक्त स्नायूंना साधारण साडेसतरा मिलिलिटर प्राणवायू पुरवू शकते, तर माझ्या त्या विद्यार्थिनीचे जेमतेम साडेबारा. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने धडधडते. पण त्या वेगालाही मर्यादा आहे, आणि ती गाठली की स्नायू प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करू लागतात व लवकर थकतात. ज्याला आपण आळस म्हणतो तो पुष्कळदा हाच थकवा असतो. जादा फेऱ्यांनी तो वाढतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

वयात येताना मुलांचे हिमोग्लोबिन पुरुषी संप्रेरकामुळे वाढते. मुलींचे तसे वाढत नाही, उलट हिमोग्लोबिन बनायला लागणारे लोह दर महिन्याच्या पाळीत साधारण १५ ते २० मिलिग्रॅम शरीराबाहेर जाते. खेळाडू मुलीचे थोडे लोह घामावाटेही जाते, आणि कठीण मैदानावर सतत धावल्याने तळपायातील काही रक्तपेशी फुटतात. शिवाय जोरदार सरावानंतर काही तास यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त स्रवते व आतड्यातून लोह शोषले जाण्यास अडथळा करते. जी मुलगी जास्त खेळते तिला लोहाची गरज जास्त, हे आपल्या घरांत अजून फारसे कुणी लक्षात घेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या, तेव्हा कोणत्याही शाळेच्या संघात अशी एखादी तरी मुलगी असणारच.

आपल्या मराठी घरांतील न्याहारीचेच पाहा. पोह्यांवर आपण लिंबू पिळतो ते उत्तमच, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतले लोह अंगी लागते. पण बशी संपण्याआधीच चहाचा कप पुढे येतो, आणि चहातील टॅनिन तेच लोह अडवते. चहा तासाभराने घेतला तरी मोठा फरक पडतो. गूळ-शेंगदाणे जरूर द्यावेत, परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जात असल्याने रक्तक्षय झालेल्या मुलीला तेवढ्याने भागत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली मळमळते म्हणून फेकून देतात. ती उपाशीपोटी न देता जेवणानंतर द्यावी, इतके शिक्षकांनी पाहिले तरी बरेच साधेल.

त्या मुलीवर डॉक्टरांनी उपचार सुरू केले तेव्हा पंधरा दिवसांत मैदानावर फरक दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, शरीरातला लोहाचा साठा भरायला त्याहूनही वेळ लागतो, हे डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितले. साडेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले, आणि त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात ती अख्खी पाळी नाबाद राहिली.

लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून याच शहरात आहे, राज्याची महिला हॉकी अकादमीही येथेच आहे. तेथील ज्ञान शाळेच्या धुळीच्या मैदानापर्यंत पोहोचावे, यासाठी मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की संघनिवडीपूर्वी प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि शक्य तेथे फेरिटिनही (रक्तातील या प्रथिनावरून लोहाचा साठा कळतो), कारण हिमोग्लोबिन उतरण्याआधीच लोहाचा साठा आटू लागतो व तेवढ्यानेही दम कमी पडू शकतो. अहवालातील आकडा कमी आला म्हणून मुलीला संघातून वगळू नये. तिचा सराव हलका करून तिला डॉक्टरांकडे पाठवावे. पालकांनीही मनाने गोळ्या सुरू करू नयेत, कारण थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक विकाराच्या वाहक मुलींचे हिमोग्लोबिनही कमी असू शकते आणि तेथे लोहाचा उपयोग होतोच असे नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर